मुन्नाभाईचा उत्तरार्ध

गाजलेल्या कथेचा उत्तरार्ध रचणे हे मोठ्या जोखमीचे काम आहे. तो पूर्वार्धासारखाच उतरला तर शिळ्या कढीला ऊत आणल्याचा ठपका येतो. आणि फार निराळा झाला तर आपली ओळखीची माणसे कोठे गेली, असे प्रेक्षक विचारू लागतात. मराठी बोलपटाने ही जोखीम पूर्वीच पत्करली होती. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ ह्या बोलपटात पडद्यावर आणले, आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’मध्ये तीच जोडी पुन्हा लोकांच्या भेटीस आली. पुढे दूरदर्शनवर चिमणराव रंगविले ते दिलीप प्रभावळकर यांनी. ह्याच प्रभावळकरांनी २००६ साली एका हिंदी विनोदी चित्रपटाच्या उत्तरार्धात महात्मा गांधी उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. तो चित्रपट म्हणजे ‘लगे रहो मुन्नाभाई’.

त्याचा पूर्वार्ध, ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’, डिसेंबर २००३ मध्ये प्रकाशित झाला होता. दोहोंचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे मूळ नागपूरचे, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. दोहोंत संजय दत्त मुंबईचा ‘भाई’ आहे आणि अर्शद वारसी त्याचा सर्किट. तमाशातील राजा आणि सोंगाड्या ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही जोडी अनोळखी वाटावयाची नाही. राजाने काहीतरी अचाट मनात आणावे आणि सोंगाड्याने ते निमूटपणे न करता, करता करता त्यातील वेडेपणा उघडा पाडावा, ही आपल्याकडील जुनी रीत.

पूर्वार्धात हा गुंड आईबापांपुढे डॉक्टर असल्याची बतावणी करतो. ती उघडकीस येऊन बापाचा अपमान झाल्यावर तो खरोखरच वैद्यकीय महाविद्यालयात शिरतो. अर्थात परीक्षेला दुसऱ्यालाच बसवून. तेथे त्याला वैद्यक येत नाही, परंतु रोग्याला मिठी मारता येते. शिस्तप्रिय अधिष्ठात्याच्या रुग्णालयात एका अडाणी माणसाने माया आणली, एवढेच त्या कथेचे सार. सुनील दत्त आणि संजय दत्त हे पितापुत्र त्यात पितापुत्र म्हणूनच वावरले, आणि आईच्या भूमिकेत होत्या रोहिणी हट्टंगडी, १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबा.

उत्तरार्ध ह्या कथेला पुढे नेतच नाही. पहिली नायिका, रुग्णालय, महाविद्यालय, सारे काही विसरून मुन्ना आणि सर्किट पुन्हा मूळ धंद्यावर आलेले दिसतात. कित्येकांना हे खटकले. परंतु बारकाईने पाहता एक धागा तसाच ठेवलेला आढळतो, तो म्हणजे बतावणीचा. ह्या वेळी मुन्ना एका आकाशवाणी-निवेदिकेला आपण इतिहासाचे प्राध्यापक असल्याचे सांगतो. ती त्याला आपल्या घरी राहणाऱ्या वृद्धांपुढे गांधीजींवर बोलावयास सांगते, आणि तो तीन दिवस, तीन रात्री ग्रंथालयात बसून वाचतो. त्या वाचनातून त्याला गांधीजी दिसू लागतात. पहिल्या चित्रपटात त्याची लबाडी दुसऱ्याने उघडी पाडली. दुसऱ्यात तो स्वतःच पत्र लिहून ती कबूल करतो. दोन्ही चित्रपटांत जे अंतर पडले आहे ते येथे आहे. दयेकडून सत्याकडे हा प्रवास झाला आहे, आणि म्हणून विनोद तोच असूनही उत्तरार्धाचे वजन अधिक आहे.

अधिक वजन घेतले की अधिक कसोट्याही लागतात. पूर्वार्धातील संकट आजाराचे होते. उत्तरार्धातील संकट घर हिरावले जाण्याचे आहे. लकी सिंग नावाचा बांधकाम-व्यावसायिक वृद्धांचे निवासस्थान कपटाने बळकावतो. मुन्ना हाणामारी न करता त्याच्याकडे रोज फुले पाठवितो आणि ‘लवकर बरे व्हा’ असा निरोप देतो. दादागिरी ह्या शब्दाच्या वळणावर ‘गांधीगिरी’ हा शब्द ह्याच चित्रपटाने घरोघरी पोहोचविला. २००६ सालीच लखनौस काही नागरिकांनी मद्याच्या दुकानाविरुद्ध फुलांचा प्रयोग केला. २००७ च्या जुलैत अमेरिकेतील भारतीयांनी कायम वास्तव्याच्या अर्जांवरील निर्णयाविरुद्ध तेथील सरकारी कार्यालयाकडे पुष्पगुच्छ पाठविले, आणि त्याच महिन्यात तो निर्णय फिरविण्यात आला.

परंतु घर हिरावले जाण्याचा प्रश्न जेथे पडद्यावरचा नाही, अशा मुलखात हा चित्रपट नेऊन पाहिला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हा तसा मुलूख आहे. एके काळी हा बहुतेक सारा प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. तोरण्याच्या परिसरास संस्थानी कारभारात प्रचंडगड तालुका म्हणत. मुसळधार पाऊस आणि अरुंद खोरी ही येथील संपत्ती, आणि तीच येथील आपत्ती. वेळवंडी नदीवरील भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. येसाजी कंकांचे नाव आता त्याच्या जलाशयास आहे. पुढे आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, नीरेवर देवघर अशी धरणे झाली. पाणी खाली गेले आणि खोऱ्यांतील घरे पाण्याखाली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणे शहराने एका दिवसात जे भोगले त्याची आठवण शहर अजून काढते. धरणासाठी ज्यांची गावे आधीच बुडाली होती त्यांची आठवण क्वचितच निघते.

ह्या खोऱ्यांना उत्तरेस लागूनच मुळशी आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, तेथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या विजेच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. लोक चालत्या कामाच्या जागी जाऊन बसत. त्यांत स्त्रियाही होत्या. गांधीजींनी त्याच महिन्यात आपल्या ‘यंग इंडिया’ पत्रातून कंपनीला, केवळ कायदेशीर हक्कावर न विसंबता लोकांचे ऐकून घेण्याचे आवाहन केले. हे मुन्नाच्या पुष्पगुच्छाहून वेगळे नव्हते. प्रतिपक्षाच्या चांगुलपणाला घातलेली ती साद होती. काम काही काळ थांबलेही. परंतु ते पुन्हा सुरू झाले, सत्याग्रही तुरुंगात गेले, आणि जमिनींवर हक्क असलेल्या पुण्याच्या सावकारांपैकी कित्येकांनी भरपाई घेण्याचा मार्ग धरला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडविली व शस्त्र वापरले, आणि केलेले न लपविता शिक्षा पत्करली. धरण झाले.

‘लगे रहो’मध्ये एक प्रसंग आहे. लकी सिंगचा पहारेकरी मुन्नाच्या थोबाडीत मारतो; मुन्ना गांधीजींच्या शिकवणीप्रमाणे दुसरा गाल पुढे करतो; पहारेकरी त्यावरही मारतो. तेव्हा मुन्ना त्याला ठोसा लगावतो, कारण दुसऱ्या गालावर बसल्यानंतर काय करावयाचे ते बापूंनी सांगितलेले नाही! चित्रगृहात ह्या जागी हमखास हशा पिकतो. मुळशीच्या मावळ्यांपुढे नेमका हाच प्रश्न तीन वर्षे उभा होता, आणि तेथे त्यावर कोणी हसले नाही. लकी सिंगला लाज वाटते, कारण त्याला मुलगी आहे, तिच्या लग्नाची काळजी आहे, आणि साऱ्या शहराने ऐकावी अशी आकाशवाणी मुन्नाच्या हाती आहे. धरणाच्या भिंतीला ह्यांपैकी काहीच नसते.

म्हणून हा उत्तरार्ध खोटा ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. कारण आपली मर्यादा चित्रपटाने स्वतःच दाखवून दिली आहे. अखेरीस भर सभेत मुन्नाला गांधीजींच्या आयुष्यातील गोष्टी विचारल्या जातात. त्याने जे वाचले तेवढेच त्याचे बापू सांगू शकतात. त्यापुढील प्रश्नाला ते गप्प राहतात. पूर्वार्धाजवळ असा एकही क्षण नाही, कारण मायेला पुरावा मागण्याची वेळ तेथे येत नाही. इतिहासाच्या खोट्या प्राध्यापकाला इतिहासच उघडा पाडतो, आणि तरीही त्याने वाचावयास घेतले हे वाया जात नाही, एवढे सांगण्याचे धैर्य उत्तरार्धाने दाखविले. मुन्नाने ग्रंथालयात काढलेल्या तीन दिवसांत मुळशी बसली नसावी. चौथ्या दिवशी ती वाचावयाचे काम प्रेक्षकाचे आहे.

भाटघरच्या जलाशयातील पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस आटले की कांबरेश्वराचे जुने देऊळ बाहेर येते. वर्षातील बहुतेक महिने ते बुडालेले असते. जवळपासचे लोक त्या थोड्या दिवसांत दर्शन घेऊन येतात, आणि पावसाळा सुरू झाला की पाणी पुन्हा चढू लागते.