पीयूसी संख्याशास्त्र : कॅल्क्युलेटर घेताना काय बघाल?

बेळगाव : कॉमर्सला प्रवेश घेऊन संख्याशास्त्र विषय निवडला की पालकांपुढे पहिला प्रश्न येतो कॅल्क्युलेटरचा. ऑनलाइन शोधलं तर आलेख काढून दाखवणारे महागडे ‘ग्राफिंग कॅल्क्युलेटर’ समोर येतात. ते घ्यावेत, की बाजारात मिळणारा साधा सायंटिफिक पुरेसा आहे?

परीक्षेत काय चालतं?
कर्नाटकात द्वितीय पीयूसीच्या संख्याशास्त्राच्या पेपरला सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. तक्ते आणि आलेख कागद मागितल्यावर मिळतात, म्हणजे आलेख हातानेच काढायचा असतो. अमेरिकेत ‘एपी स्टॅटिस्टिक्स’च्या परीक्षेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो, त्यामुळे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ सारख्या मॉडेलची तिथे चलती आहे. इथल्या विद्यार्थ्याने त्यावर पैसे घालवण्याचं कारण नाही. घरी आलेख बघायचाच असेल तर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस मोबाईलवर फुकट मिळतं.

सीमेपलीकडचा नियम वेगळा. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी गणित-संख्याशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे निपाणीच्या घरातलं पोर कागल-कोल्हापुरात शिकत असेल तर आधी बोर्ड कुठलं ते बघावं, मग खरेदी. सीईटी आणि जेईईलाही कॅल्क्युलेटर नेता येत नाही.

कोणतं मॉडेल?
कॅसिओचं एफएक्स-८२ एमएस पीयूसीला पुरतं. त्यात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रतिगमन, ‘एनसीआर’ आणि ‘ई’चा घात, सगळं आहे. द्विपद आणि पॉयसाँ वितरणाची गणितं त्यावर सुटतात. एफएक्स-९९१ ईएस प्लसमध्ये भरलेले आकडे यादीसारखे पडद्यावर दिसतात, चुकलेला आकडा शोधून बदलता येतो. त्याला सौर पट्टीही आहे. किंमत मात्र बरीच जास्त. पुढे इंजिनिअरिंगचा विचार असेल तर ९९१ घेतलेला बरा. बीकॉम, बीबीएला ८२ वर निभावतं.

दुकानातच तपासा
गणपत गल्ली असो की निपाणीची बाजारपेठ, पैसे देण्याआधी हे ८ आकडे घालून बघावेत : २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५ आणि प्रमाण विचलन २ यायला हवं. २.१३८ आलं तर मशीन बिघडलेलं नाही. चुकीची ओळ वाचली गेली. कॅल्क्युलेटर दोन उत्तरं देतो. एकात संख्येने, म्हणजे ८ ने भागतात. दुसऱ्यात एकने कमी, म्हणजे ७ ने. पहिल्याला सिग्मा, दुसऱ्याला एस किंवा ‘एन वजा एक’ अशी खूण असते. वर्गातल्या साध्या सूत्रात सिग्मा घ्यायचा. इथेच बरीच मुलं गंडतात.

नकली मालही फिरतो. त्यामुळे पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्यावं.

वापरताना
- ८२ एमएसवर नवीन गणित सुरू करण्याआधी जुने आकडे पुसावेत : शिफ्ट, मोड, १, बरोबर. नाहीतर मागचे आकडे नव्यात मिसळतात.
- नुसतं उत्तर लिहून मार्क मिळत नाहीत, पायऱ्या दाखवाव्या लागतात. तक्ता हाताने करावा आणि रकान्यांच्या बेरजा मशीनवर पडताळाव्यात.
- मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला इंग्रजीत गेलेल्यांनी बटणांवरच्या खुणा आणि त्यांचे मराठी अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. दहावीला हिशेब हाताने केलेला असतो, त्यामुळे पहिला महिना हात बसायला जातो.
- परीक्षेच्या तोंडावर नवीन मॉडेल घेऊ नये. वर्षभर वापरलेलाच न्यावा, सेल मात्र आठवडाभर आधी बदलावा.