एसएनएमपी वाहतुकीची गाळणी

राउटर, स्विच, छपाईयंत्रे आदी साधनांचा हालहवाल दुरून घेण्यासाठी व प्रसंगी त्यांना हुकूम सोडण्यासाठी १९८८ पासून जो एसएनएमपी नामक संकेत प्रचारात आहे, त्याची पॅकेटे विश्लेषकात पकडून त्यांतून प्रयोजनापुरती तेवढी निवडून काढण्याची क्रिया. या कामी बहुधा वायरशार्क वापरतात. जेराल्ड कोम्ब्स याने १९९८ मध्ये ‘इथेरिअल’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या या मुक्त आज्ञावलीचे नामांतर २००६ मध्ये झाले.

गाळण्या दोन प्रकारच्या असून नवशिक्याची बहुतेक फजिती त्यांतील भेद ध्यानी न घेतल्यानेच होते. ग्रहणकालीन गाळणी पॅकेट दप्तरी दाखल होण्यापूर्वीच त्याचा निवाडा करते आणि जे नामंजूर झाले ते कायमचे गेले. दर्शनी गाळणी काहीच नष्ट करीत नाही. उजनीच्या फुगवट्याखाली गेलेले इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यात जसे पुन्हा दिसू लागते, तसे ती गाळणी काढताच झाकलेले पॅकेट समोर येते. सबब पकडताना हात सैल ठेवणे व काटेकोरपणा वाचनाच्या वेळेसाठी राखणे इष्ट.

ग्रहणकालीन गाळणीची भाषा लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडलेल्या बर्कली पॅकेट फिल्टरची आहे. तिला एसएनएमपीचा आशय उमगत नाही. यूडीपीच्या १६१ (विचारणा) व १६२ (यंत्राने आपण होऊन धाडलेली वर्दी, म्हणजे ट्रॅप) या पोर्टांवरूनच ती ओळख पटवते. केवळ ‘गंतव्य पोर्ट १६१’ अशी अट घातल्यास प्रश्न तेवढे हाती लागतात व उत्तरे निसटतात, कारण उत्तरात १६१ हे उगमाचे पोर्ट असते. याहून फसवा प्रकार खंडित पॅकेटांचा : घाऊक विचारणेचे उत्तर इथरनेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेपलीकडे गेले की त्याचे तुकडे होतात, पोर्टाचा क्रमांक पहिल्याच तुकड्यात असतो, आणि पोर्टावर विसंबलेली गाळणी उरलेले तुकडे निमूटपणे टाकून देत असल्यामुळे यंत्राने पूर्ण उत्तर देऊनही दोष त्याच्याच माथी येतो. अशा वेळी पोर्टाऐवजी यंत्राच्या आयपी पत्त्यावर गाळणे श्रेयस्कर, कारण पत्ता प्रत्येक तुकड्यावर असतो. व्हीलॅनची (आभासी स्थानिक जाळ्याची) खूण असलेल्या चौकटींसाठी ‘व्हीलॅन’ ही अट निराळी जोडावी लागते.

दर्शनी गाळणी संदेशाचा प्रकार, कम्युनिटी (वस्तुतः परवलीचा शब्द) किंवा वस्तुक्रमांक (यंत्रातील प्रत्येक माहितीघटकाला दिलेला क्रमांक) यांवरही चालते; १.३.६.१.२.१.२ ने आरंभ होणारे क्रमांक निवडले असता जोडण्यांविषयीचाच व्यवहार उरतो. विचारणा व उत्तर यांतील समान विनंती-क्रमांक पाहून अनुत्तरित प्रश्न हुडकता येतात.

एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत व दुसरीच्या रूढ रूपात कम्युनिटी उघडीच प्रवास करीत असल्याने अशी फाइल परक्याच्या हाती देणे धोक्याचे. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत गूढलेखन योजले असेल, तर वापरकर्त्याचे नाव वाचता येते, परंतु वस्तुक्रमांक नाही. वायरशार्कच्या पसंतीपत्रकात त्या वापरकर्त्याची गुप्तवाक्ये भरल्याखेरीज क्रमांकावरील गाळणी रिकामीच राहते.