आधी कोणी बोलायचे?

इ.स.पू. ६१च्या जानेवारीत सिसेरोने आपला मित्र ॲटिकस याला एक पत्र लिहिले. त्यात रोममधल्या मोठमोठ्या घडामोडी आहेत, पण सुरुवातीलाच आहे ती एक घरगुती वाटावी अशी रुसव्याची बातमी. नव्या वर्षाचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी, पिसो याने सिनेटमध्ये मते विचारताना पहिले नाव सिसेरोचे घेतले नाही, दुसऱ्याच एका माजी कॉन्सलचे घेतले. सभागृहात कुजबुज झाली. सिसेरोचा नंबर दुसरा लागला, तिसरा कॅट्युलसचा, चौथा हॉर्टेन्शियसचा. आपल्याला याचे मुळीच वाईट वाटले नाही, असे सिसेरो आवर्जून कळवतो. दुसऱ्या जागेचे वजनही जवळजवळ पहिल्याइतकेच असते आणि शिवाय कॉन्सलच्या उपकाराचे ओझे राहत नाही, हे त्याचे म्हणणे. द्राक्षे थोडी आंबट होती, हे उघड आहे.

लग्नातले मानपान ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या रुसव्याचे नवल वाटणार नाही. पण रोममध्ये प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता. चर्चेचा क्रम ज्याच्या हातात, त्याच्या हातात बराचसा निकालही असे.

सिनेटमध्ये हात वर करून बोलायची सोय नव्हती. सभा बोलावणारा अधिकारी, बहुधा कॉन्सल, विषय मांडायचा आणि मग एकेकाचे नाव घेऊन मत विचारायचा. नावे भूषवलेल्या पदांच्या उतरंडीने येत. हुकूमशहा सल्ला याच्या सुधारणांनंतरच्या काळात, पुढच्या वर्षाचे कॉन्सल निवडून आलेले असतील तर आधी ते, मग माजी कॉन्सल, मग प्रेटरपद भूषवलेले, त्यांच्याखाली ईडाइल आणि ट्रिब्यून राहिलेले, आणि सर्वांत शेवटी नुसते क्वेस्टर होऊन आलेले नवखे. सल्लाने सिनेट तीनशेवरून सुमारे सहाशेवर नेली होती. बैठक मात्र सूर्यास्ताला संपवावीच लागे. साहजिकच शेपटाकडच्यांपर्यंत पाळी क्वचितच पोहोचायची. नियमाने कोणाचेही तोंड बांधलेले नव्हते, पाळीच येत नसे, एवढेच. हे लोक मत द्यायचे ते पायांनी. ज्याचे म्हणणे पटले त्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. विचारले गेलेल्यांतही बरेच जण आधीच्या वक्त्याची री ओढून खाली बसत.

एकदा पाळी आली की मात्र वेळेचे बंधन नव्हते, विषयाचेही नव्हते. थोरला केटो वाटेल त्या विषयावर बोलताना शेवटी कार्थेज नष्ट करा म्हणायचा, ते याच सवलतीच्या जोरावर. त्याच्या पणतूने तिचे हत्यार केले. इ.स.पू. ५९मध्ये कॉन्सल ज्युलियस सीझरने जमीनवाटपाचा कायदा आणला. धाकट्या केटोला मत विचारले गेले आणि तो बोलतच राहिला. दिवस मावळेपर्यंत बोलायचे, म्हणजे ठराव आपोआप बारगळतो. सीझरने त्याला सरळ तुरुंगाकडे न्यायला सांगितले, तेव्हा काही सिनेटरही त्याच्या मागोमाग उठले. सीझरने एकाला हटकले तर तो म्हणाला की इथे तुझ्याबरोबर बसण्यापेक्षा तुरुंगात केटोबरोबर असणे बरे. सीझरला केटोला सोडावे लागले.

रांगेत मागे असण्याचा फायदाही होता, तो चार वर्षांपूर्वी दिसला होता. ५ डिसेंबर, इ.स.पू. ६३. सत्ता उलथवण्याच्या कॅटिलिनाच्या कटातले पाच जण ताब्यात होते, आणि कॉन्कॉर्डच्या देवळात भरलेल्या सिनेटपुढे त्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. पहिला विचारला गेला सिलानस, पुढच्या वर्षाचा कॉन्सल. त्याने देहदंड सुचवला. माजी कॉन्सलांनी एकामागून एक ‘मम’ म्हटले. निकाल लागल्यासारखाच होता. मग रांग निवडून आलेल्या प्रेटरांपर्यंत उतरली आणि सीझर उठला. मारू नका, जन्मभर वेगवेगळ्या गावांत कैदेत ठेवा, मालमत्ता जप्त करा, असे तो म्हणाला. सभेची हवाच फिरली. खुद्द सिलानस सांगू लागला की आपल्यालाही कैदच म्हणायची होती. पुष्कळ उशिरा पाळी आली केटोची. तो तेव्हा जेमतेम बत्तिशीचा, नुकताच ट्रिब्यून म्हणून निवडून आलेला. त्याच्या भाषणाने पारडे पुन्हा देहदंडाकडे झुकले आणि त्याच संध्याकाळी पाचही जणांना गळा आवळून मारले. उच्चपदस्थ आपापले बोलून मोकळे झाले होते. त्यांनी काय मांडले आणि ते कुठे लटके पडते, हे सगळे ऐकून बोलण्याची संधी केटोला मिळाली.

क्रम कॉन्सल ठरवत असला, तरी १ जानेवारीला जो लावला तो वर्षभर पाळायचा असा रिवाज होता. सीझरने तोही मोडला. वर्षाच्या सुरुवातीला तो आधी क्रॅससला विचारत असे. मग त्याने आपली मुलगी ज्युलिया पॉम्पीला देऊ केली आणि तेव्हापासून पहिले नाव जावयाचे येऊ लागले.

पहिला सम्राट ऑगस्टस याने तर उतरंडच बाजूला ठेवली. महत्त्वाच्या विषयावर तो मनाला येईल त्याला विचारायचा. आपले नाव केव्हा पुकारले जाईल याचा नेम नसल्यामुळे प्रत्येकाला कान देऊन ऐकावे लागे. युक्ती नामी होती, यात शंका नाही. पण नाव पुकारणारा सर्वसत्ताधीश असला की ऐकणारा चर्चेपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे जास्त पाहणार. ही अडचण इ.स. १५मध्ये पिसो नावाच्याच एका सिनेटरने उघड बोलून दाखवली. एका सुभेदारावर राजद्रोहाचा आरोप होता आणि संतापलेल्या सम्राट टायबेरियसने आपणही उघडपणे, शपथेवर मत देणार असल्याचे जाहीर केले. पिसोने विचारले, कितव्या नंबरवर? आधी दिलेत तर मला मागे जाता येईल, शेवटी दिलेत तर माझे मत चुकून वेगळे पडायचे. टायबेरियस वरमला आणि राजद्रोहाच्या आरोपातून त्या सुभेदाराची सुटका झाली.

पुढे सम्राट डोमिशियनच्या दहशतीत सिनेट मुकीच झाली. पूर्वी सिनेटरांची मुले सभागृहाच्या दाराशी उभी राहून कामकाज पाहायची आणि त्यातूनच शिकायची. त्या पिढीला मात्र पाहायला मिळाली ती घाबरलेली सभा. म्हणून इ.स. १००मध्ये स्वतः कॉन्सल राहिलेल्या धाकट्या प्लिनीवर टिटियस ॲरिस्टो या कायदेपंडिताला पत्र लिहून रीत विचारायची वेळ आली.

झाले असे, की इ.स. १०५मध्ये कॉन्सल अफ्रानियस डेक्स्टर मेलेला आढळला. आत्महत्या की त्याच्या माणसांनी केलेला खून, हे उलगडत नव्हते. त्याच्या मुक्त केलेल्या गुलामांचे काय करायचे यावर तीन मते पडली. काहींना त्यांना सोडून द्यायचे होते, काहींना बेटावर हद्दपार करायचे होते, तर काहींना देहदंड हवा होता. पहिल्या पक्षाचे लोक सर्वांत जास्त होते, पण निम्म्याहून जास्त नव्हते. विरोधक म्हणत, आधी शिक्षा की सुटका एवढेच ठरवू. तसे झाले असते तर मारा म्हणणारे आणि हद्दपार करा म्हणणारे एकाच बाजूला बसले असते. प्लिनी अडून बसला. मृत्यू आणि हद्दपारी एका बाकावर कशी बसेल, तिन्ही मते वेगळी मोजा, असा त्याचा हट्ट होता. तो स्वतः सुटकेच्या बाजूचा होता, तेव्हा त्याचे तर्कशास्त्र चांगलेच सोयीचे होते.

त्याचे म्हणणे मान्य झाले. पण वेगवेगळे बसायची वेळ येताच देहदंड सुचवणाऱ्याच्या लक्षात आले की असे मोजले तर सुटकावाले जिंकतील. त्याने आपली सूचना तिथेच सोडली आणि तो हद्दपारीवाल्यांकडे जाऊन बसला. त्याच्या भरवशावर देहदंड मागणारेही त्याच्या पाठोपाठ उठून तिकडेच गेले. तिनाची दोनच मते उरली, आणि सर्वांत मोठा असलेल्या प्लिनीच्या पक्षाला आता दोन पक्षांच्या बेरजेशी गाठ पडली.