गिरणगाव : चाळ, दादा आणि संघटना



मी सातवीपुढे शाळा पाहिली नाही. जे काही शिकलो ते जिनाच्या आवारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज मी सांगणार आहे तो इतिहास विद्वानाचा नव्हे, कामगाराचा आहे.

गिरणगाव आपल्याला परके नाही. आपल्या मुलखातल्या रुईच्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत जात. कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या पहिल्या गिरणीपासून पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग भोंग्यावर जगू लागला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण झोपत आणि खाणावळवाल्या बाईकडे महिन्याच्या उधारीवर जेवत. भजनी मंडळ, तालीम, गणेशोत्सव हे त्यांचे वैभव होते.

त्याच तालमीतून दादा निघाला. तो बाहेरून आलेला राक्षस नव्हता. नळावरचे भांडण तो मिटवी, अडल्याला पैसे देई, मयताच्या घरी आधी पोहोचे. मात्र या उपकारांची वसुलीही तोच करी. संप फोडण्यासाठी मालकांनी दादांना हाताशी धरले; आणि आम्ही संघटनावाले तरी सदैव सोवळे राहिलो काय? नाही. प्रसंगी आम्हीही त्यांच्या मनगटाचा आधार घेतला. हे कबूल केलेच पाहिजे.

दादाला पैसा दोन वाटांनी मिळाला. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि हातभट्टीला भाव चढला. दुसरी वाट आकड्याची. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाने उघडला, कोणत्या भावाने बंद झाला, यावर मुंबईत पैज लागे. १९६१ नंतर ते आकडे येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका चालविला. आपल्याकडची सट्टापट्टी ती हीच. शेतकऱ्याने पिकविलेल्या कापसाच्या भावावर सुरू झालेला हा जुगार त्याच कापसाचे सूत काढणाऱ्याचा पगार गिळू लागला!

परंतु याच गिरणगावात दुसरी गोष्टही घडली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. जिथे बँकेचा दरवाजा उघडला, तिथे सावकाराच्या आणि दादाच्या दारी जाण्याची गरज कमी झाली.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. कामगार मात्र देशोधडीला लागला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि टोळ्यांची नजर मटक्यावरून जमिनीकडे वळली. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा खून झाला. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंतही गोळ्यांना बळी पडले.

त्या काळात मी लालबागच्या एका चाळीत आठ दिवस राहिलो होतो. घरधनी जुना साचेवाला. मी विचारले, ‘मुलगा काय करतो?’ म्हातारा म्हणाला, ‘वसुलीला जातो. गिरणी चालू असती तर माझ्या साच्यावर उभा राहिला असता.’ कोणाची वसुली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. रात्री तो मुलगा आला, वाकून माझ्या पाया पडला आणि माझ्यासाठी अंथरूण घालून दिले. इतका सालस पोर! त्याला गुंड म्हणणे सोपे आहे. त्याच्या हाताला काम देणे कठीण.

या इतिहासातून मला एवढेच उमगले आहे. उधारी, नोकरी आणि न्याय या तीन गरजा कोणीतरी भागवितोच. संघटना, पतपेढी आणि कचेरी यांनी त्या भागविल्या नाहीत, तर दादा भागवितो. आपल्या जिनातला हंगाम संपला की रिकाम्या हाताने बसणारी पोरे पांढरकवड्यातही आहेत. त्यांच्यापर्यंत आधी कोण पोहोचणार, हे आपण ठरवायचे आहे.