टूविक्स : प्रेक्षकांची मतमतांतरे

टूविक्स : ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या दुसऱ्या पर्वातील एक भाग. प्रथम प्रसारण ६ मे १९९६, यूपीएन वाहिनी. कथा अँड्र्यू शेपर्ड प्राइस व मार्क गेबरमन, पटकथा केनेथ बिलर, दिग्दर्शन क्लिफ बोल. कॅप्टन कॅथरिन जेनवे (केट मुलग्रू) हिने भागाच्या शेवटी घेतलेला निर्णय न्याय्य होता की तो खून होता, यावरून प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले आहेत आणि आजही ते कायम आहेत.

कथानक : पृथ्वीपासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले व्हॉयेजर यान परतीच्या वाटेवर आहे. सुरक्षा अधिकारी टूवॉक (टिम रस) व आचारी नीलिक्स (ईथन फिलिप्स) एका ग्रहावरून वनस्पतींचे नमुने घेऊन ट्रान्सपोर्टरने (माणसांना क्षणात एका जागेवरून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेने) परततात, तेव्हा यानावर दोघांऐवजी एकच इसम अवतरतो. त्याच्या अंगावरचे कपडेही दोघांच्या पेहरावांची सरमिसळ असतात. नमुन्यांतील एका ऑर्किडच्या विकरांमुळे दोन शरीरे व दोन मने एकजीव झालेली असतात. हा नवा माणूस टूविक्स (टॉम राइट) हे नाव घेतो. टूवॉकची शिस्त आणि नीलिक्सचा मोकळेपणा त्याच्यात एकत्र आल्याने तो लवकरच सहकाऱ्यांचा आवडता होतो. काही आठवड्यांनी दोघांना पुन्हा वेगळे करण्याचा उपाय सापडतो. टूविक्स मात्र त्याला ठाम नकार देतो.

यानंतर येणारा प्रसंग प्रेक्षक सर्वाधिक आठवतात. नियंत्रणकक्षात टूविक्स एकेकाकडे वळून जीवदान मागतो. कोणी त्याच्या बाजूने उभे राहत नाही. तो सर्वांना क्षमा करतो. होलोग्राम असलेला डॉक्टर रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेण्यास नकार देतो, तेव्हा जेनवे ती प्रक्रिया स्वतःच्या हातांनी पार पाडते.

विरोधी मत : या प्रेक्षकांच्या लेखी टूविक्स ही जाणीव असलेली, निरपराध, स्वतंत्र व्यक्ती आहे. तिची संमती नसताना तिला संपवणे हा खूनच. डॉक्टरचा नकार हा त्यांचा सर्वांत भक्कम आधार. त्याच विश्वातील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ (१९८९) या भागात डेटा या यंत्रमानवाचा स्वतःची मोडतोड नाकारण्याचा हक्क मान्य झाला होता. मग हाडामांसाच्या टूविक्सला तो का नाही, असे ते विचारतात. एका निरोगी माणसाचे अवयव काढून इतरांना वाचवावे का, या नीतिशास्त्रातील प्रश्नाचा दाखलाही ते देतात.

समर्थक मत : समर्थकांच्या मते टूवॉक व नीलिक्स यांना स्वतःची बाजू मांडता येत नव्हती, त्यांच्या वतीने बोलणे हे कॅप्टनचे कर्तव्यच होते. टूवॉकची पत्नी व मुले घरी वाट पाहत होती. नीलिक्सची सहचरी केस (जेनिफर लीन) डोळ्यांदेखत खचत होती. दोघांपैकी कोणीही या एकीकरणाला संमती दिली नव्हती. एक जीव गेला खरा, पण दोन परत आले.

वादाचे मूळ : दोन्ही बाजू दुसऱ्याच एका प्रश्नाचे वेगळे उत्तर गृहीत धरतात : टूवॉक व नीलिक्स मेले होते की अडकले होते? मेले असतील, तर मृतांसाठी जिवंताचा बळी गेला; अडकले असतील, तर त्यांची सुटका झाली. पटकथा दोन्ही शक्यतांना पुरावा देते. ते दोघे आपल्यात जिवंत आहेत असे टूविक्स जितके पटवतो, तितके त्यांना बाहेर काढण्याचे कारण बळकट होते. आपण वेगळी व्यक्ती आहोत असे तो जितके सिद्ध करतो, तितके त्या दोघांचे नुकसान ठळक होते. त्याचा प्रत्येक युक्तिवाद असा दुधारी आहे. भागाचे खरे यश या रचनेत आहे.

आक्षेप : विज्ञानाच्या अंगाने घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. वेगवेगळ्या सजीवांच्या दीर्घ सहवासातून नवा सजीव घडणे, म्हणजे सहजीवोत्पत्ती, ही जीवशास्त्रातील खरी संकल्पना. पेशीतील तंतुकणिकांचा उगम तिच्याद्वारे स्पष्ट केला जातो. पण ती पेशींच्या पातळीवर, असंख्य पिढ्यांत घडते. दोन प्रौढ देह क्षणात जुळत नाहीत. दुसरा आक्षेप पळवाटेचा : ‘सेकंड चान्सेस’ (१९९३) या भागात ट्रान्सपोर्टरमुळे रायकर या अधिकाऱ्याची हुबेहूब दुसरी आवृत्ती तयार झाली होती, मग टूविक्सचीही का करू नये? हा तोडगा कल्पक असला तरी त्याने पेच सुटत नाही, केवळ टळतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पुढच्या आठवड्याच्या ‘रेझोल्यूशन्स’ या भागात घटनेचा उल्लेखही नाही. एवढ्या मोठ्या निर्णयाचे ओझे पात्रांनी पुढे वाहिलेले दिसत नाही, ही तक्रार दोन्ही तटांचे प्रेक्षक एकमुखाने करतात.

पडसाद : ‘स्टार ट्रेक : लोअर डेक्स’ या विनोदी ॲनिमेशन मालिकेच्या चौथ्या पर्वाचा पहिला भाग (७ सप्टेंबर २०२३) याच घटनेवर बेतलेला असून त्यातील पात्रेही जेनवेच्या निर्णयाने हादरतात. प्रेक्षकांचा वाद अशा रीतीने मालिकाविश्वाच्या आत पोहोचला.

मूल्यमापन : शेवटी जेनवेला दोषी वा निर्दोष ठरवणारे एकही वाक्य पटकथेत नाही. न्यायनिवाड्याची जबाबदारी त्यामुळे पाहणाऱ्यावर येते, आणि व्यक्ती म्हणजे काय, संमतीविना कोणाचा जीव घेता येतो का, हे प्रश्न सामान्य प्रेक्षकही तत्त्वज्ञाच्या गांभीर्याने मांडू लागतो. विज्ञानकथेकडून याहून मोठी अपेक्षा ठेवता येत नाही.