घोडे पेंड कोठे खाते?

कोणत्या सरदाराने किती हजार स्वारांनिशी कूच केले, हे बखरकार हटकून सांगतो. ती संख्या फुगवलेली आहे की काय, यावर संशोधक पुढे हिरिरीने वाद घालतात. परंतु त्या हजारो घोड्यांच्या तोबऱ्यांत रोज सायंकाळी काय पडत होते, आणि पडलेल्यापैकी किती खरोखर जनावराच्या पोटात जात होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मराठी फौजेची सारी मदार वेगावर आणि वेगाची मदार तोबऱ्यावर, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणी लिहून ठेवली नाही. आमच्या भाषेने मात्र ती विसरू दिली नाही. एखाद्या कामात नेमकी अडचण आली म्हणजे ‘इथेच तर घोडे पेंड खाते’ असे आपण अजूनही म्हणतो. या वाक्प्रचाराचा उगम काहीही असो; पौष्टिक म्हणून पुढे ठेवलेली वस्तू आणि तिच्याशी अडून बसलेले जनावर ही जोडी त्यात कायमची येऊन बसली आहे.

घोटीसारख्या ठिकाणी उभे राहिले म्हणजे या अडचणीचे स्वरूप ध्यानात येते. थळघाट चढून आलेली मुंबई-आग्रा वाट येथून नाशिककडे वळते. दक्षिणेस कळसूबाईची रांग, बाजूस कावनईचा किल्ला. शेजारच्या इगतपुरीस वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस. हा भाताचा आणि डांगी बैलांचा मुलूख. डांगी बैल येथल्या चिखलात व पावसात आनंदाने राबतो; घोड्याचे तसे नाही. देशावरच्या कोरड्या हवेत कडबा आणि हरभरा खाऊन वाढलेले भीमथडी तट्टू ऐन आषाढात या बाजूस आणले, तर त्याच्या पुढ्यात ओलसर गवत आणि भाताचा पेंढा. १८६५ साली आगगाडी घाट चढून इगतपुरीस आली. त्यापूर्वी या वाटेवरील टपाल, माल आणि लष्कर हे सर्व जनावरांच्या पायांवरच चालत असे. घाट चढून थकलेला घोडा दाण्याकडे पाठ फिरवतो, हा अनुभव साऱ्या मोतद्दारांचा.

घोडा खाण्याच्या बाबतीत बैलाहून फार चोखंदळ. त्याचा वरचा ओठ हाताच्या बोटांसारखा चालतो. चंदीत मिसळलेली पूड किंवा गोळी तो बाजूस सारतो आणि दाणा तेवढा वेचून घेतो. परका वास आला की फुरफुरून मागे सरतो. यात केवळ लाडावलेपण आहे असे आम्हांस वाटत नाही. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले अपायकारक अन्न परत बाहेर टाकण्याची सोय त्याला नाही, आणि पोटशूळाने धडधाकट घोडा एका रात्रीत दगावतो. अशा प्राण्याने तोंड लावण्यापूर्वीच संशय घेतलेला बरा.

आमच्या पूर्वजांनी हे जाणले होते. १९०९ साली शामशास्त्र्यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तम घोड्यास दोन द्रोण धान्य, अर्धे सुके किंवा अर्धे शिजवलेले. त्यावर प्रस्थभर स्नेह, पाच पल मीठ, पन्नास पल मांसदेखील. शिवाय मद्य अथवा दूध पाजावयाचे. व्यालेल्या घोडीस तीन रात्री प्रस्थभर तूप, पुढे दहा दिवस सातू आणि औषधी स्नेह. मांसाचे प्रमाण पाहून आजचा पशुवैद्य भुवया उंचावील; तेवढा भाग आम्हीही सोडून देतो. परंतु त्याच वाक्यात एक बारीक तपशील आहे. आढकभर रस किंवा दुप्पट दही सांगितले आहे, ते घास ओला करण्यासाठी. कोरड्या दाण्यावर टाकलेली पूड तळाशी गळून जाते, ओल्या दाण्यास चिकटते. ज्याने हे लिहिले किंवा लिहविले त्याने तबेल्यात उभे राहून पाहिले असले पाहिजे.

याच्या उलट चित्र सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या प्रवासवर्णनात सापडते. हिंदुस्थानात घोड्यांना भरडून भिजवलेले कडधान्य देतात, हे तो सांगतो. त्याखेरीज काळा गूळ, पीठ आणि लोणी यांचे मळून गोळे करतात, आणि हे गोळे मोतद्दार घोड्याच्या घशात कोंबतात. कारण एरवी घोडा ते घेतच नाही. मग त्याचे तोंड, विशेषतः दात, धुवावे लागतात, इतका त्याला त्या पदार्थाचा तिटकारा. गूळ आणि लोणी! माणसाच्या मुलाने ज्यासाठी हट्ट धरावा ते घोड्याच्या घशात बळाने उतरवावे लागते. खाऊ घालणाराची आवड आणि खाणाराची आवड यांत अंतर असते, हे या एका चित्रावरून जितके कळते तितके पुष्कळ शास्त्रचर्चेने कळणार नाही.

बळजबरीहून शहाणा मार्ग मसाल्याचा. शालिहोत्र मुनीच्या नावावरून ज्यांना साळोत्री म्हणत, ते घोड्यांचे वैद्य मेथी, ओवा, हळद, सुंठ, काळे मीठ असले जिन्नस कुटून चंदीत मिसळत. हेतू पचनाचा, पण त्यात रुचीचेही काम नकळत साधले जात होते. याला अलीकडे विलायतेतून अनपेक्षित साक्ष मिळाली आहे. २००५ साली तेथील काही अभ्यासकांनी तबेल्यातील आठ घोड्यांपुढे निरनिराळे पंधरा वास घातलेले खाद्य ठेवून त्यांची आवड तपासली. गाजर, पुदिना यांच्यासारखे तिकडचे परिचित वास मागे पडले. पहिला क्रमांक मेथीचा, पाठोपाठ केळ्याचा, आणि आमचे जिरेही बरेच वर. ज्या पदार्थाची कडू भाजी म्हणून आमची मुले तोंडे वाकडी करतात, तो घोड्यास सर्वांत प्रिय ठरावा, ही गंमतच होय.

भाताच्या मुलखात आणखी एक छुपा धोका असतो. गिरणीतला कोंडा स्वस्त आणि घोड्यास गोड लागतो. म्हणून जो दाणा खात नाही त्यास कोंडा चारण्याचा मोह सहज होतो. परंतु कोंड्यात स्फुरद फार आणि चुना अगदी थोडा. घोड्यास स्फुरदापेक्षा चुना अधिक हवा. तो खाण्यातून न मिळाल्यास शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेते, हाडे ठिसूळ होतात, तोंडाची हाडे फुगतात. अशा जनावरास खाण्यातून चुना द्यावा, तर त्या भुकटीचा वास येताच ते तोबऱ्यातून तोंड काढून घेते. घोडे पेंड खाते ते इथे!

आता इतिहासाकडे पुन्हा वळू. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस धाडलेले पत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. रयतेस काडीचाही आजार देऊ नका, या आज्ञेसाठी ते नेहमी उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा आरंभ दाणा-वैरणीपासून आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. गवताच्या गंजीपाशी विस्तव नेऊ नये, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, येथवर त्यांची नजर पोचते. रयतेवरचा जुलूम आणि रिकामा तोबरा यांचा संबंध त्यांनी एका दमात सांगितला आहे: कोठीतला दाणा संपला की शिपाई कुणब्याच्या घरात शिरतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर अन्नावाचून माणसांबरोबर घोडीही मरू लागली, तेव्हा हीच गोष्ट अतिशय मोठ्या प्रमाणावर, आणि घरापासून फार दूर, घडली.

मात्र कोठीत दाणा असूनही तो घोड्याच्या पोटात घालणे हे काम ज्याचे, त्या मोतद्दाराचे नाव कोणत्याही यादीत नाही. त्याचे हुन्नर पुस्तकात नव्हते, हातात होते. कोणते घोडे कोणत्या वासाला बिचकते, कोणाला चंदी आधी आणि पाणी मागाहून दिले तर बिघडते, हे तो जाणे. आजही जाणते अश्वपालक तेच करतात. कुळीथ किंवा हरभरा भिजवून ओलसर ठेवावा. नवी पूड पहिल्या दिवशी चिमूटभरच, तीही जनावर भुकेले असताना. त्याने तोबरा चाटून पुसून संपवला तर दुसऱ्या दिवशी दोन चिमटी. नाक मुरडले तर पुन्हा एकीवर यावे. असे आठ-पंधरा दिवस धीर धरला, आणि वास झाकण्यास थोडी मेथी असली, तर बहुतेक घोडी पूर्ण मात्रा घेऊ लागतात.