न सापडलेल्या विषाचा खटला

देश आणि कोकण यांना जोडणारी बोरघाटाची वाट १८३० साली गाड्यांसाठी बांधून खुली झाली आणि १८६३ साली त्याच घाटातून लोहमार्ग उतरला, त्यामुळे मावळ तालुका व लोणावळे ही पुणे-मुंबई रहदारीची अटळ ठिकाणे झाली. वाटसरूंशी ओळख वाढवून त्यांच्या अन्नात धोतऱ्याचे बी कालवावे व ते बेशुद्ध पडताच त्यांना लुबाडावे, हा गुन्हा त्या शतकात हिंदुस्थानातील वाटांवर सर्रास घडत असे. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांत सहज खपून जाते. परंतु धोतऱ्याचे बी जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे व खडबडीत असते आणि मिरचीचे बी पातळ, पिवळे व गुळगुळीत असून फोडताच झोंबते, एवढ्या भेदावर भिंगाखाली निवाडा करता येई. जठरात बी शिल्लक राहिले तर विष डोळ्यांनी ओळखता येते; अर्क किंवा औषध दिले असेल तर मात्र सारा भार रसायनशास्त्रावर पडतो.

हा भार उचलण्यासाठी मद्रास येथे १८४९ साली पहिली सरकारी रासायनिक प्रयोगशाळा निघाली आणि मुंबईत तशी प्रयोगशाळा १८७० साली सुरू झाली. तिच्यापुढे आलेला सर्वांत गाजलेला प्रश्न बडोद्याचा होता. ज्या गायकवाडांचा उदय मावळातील तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या पदरी झाला, त्यांच्याच वंशातील मल्हारराव महाराजांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना १८७४ च्या नोव्हेंबरात सरबतातून विष घातल्याचा आरोप आला. पेल्याच्या तळाशी उरलेल्या साक्यात सोमल म्हणजे आर्सेनिक असल्याचे मुंबईच्या रासायनिक विश्लेषकाने सांगितले आणि हिऱ्याच्या भुकटीचाही उल्लेख झाला. तरीही १८७५ च्या चौकशी आयोगात तीन इंग्रज सदस्य आरोप सिद्ध मानणारे आणि शिंदे महाराज, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन भारतीय सदस्य तो तसा न मानणारे, अशी सरळ फूट पडली. पेल्यात काय होते हे रसायनाने सांगितले. ते कोणी टाकले हे सांगणे रसायनाच्या हाती नव्हते, आणि महाराजांना पदच्युत करताना सरकारनेही विषप्रयोग नव्हे, तर गैरकारभार हेच कारण दिले.

याच्या नेमका उलट प्रश्न १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीने उभा केला. एका मधुमेही विधवेला घेऊन तिचा वैद्यकीय सल्लागार डॉक्टर प्रवासाला निघाला. तळेगाव, कामशेत, मळवली, लोणावळे अशी मावळातली स्थानके ओलांडत रात्र सरली आणि बोरीबंदरावर गाडी पोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात डॉक्टरने तिचे खोटे नाव नोंदवले, तेथे मधुमेही मूर्च्छा समजून उपचार झाले आणि १३ तारखेला ती वारली. बेवारस म्हणून तिचा देह ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला व शवविच्छेदन २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी झाले.

त्या वेळी काढलेले अवयव, ज्यांना पोलिसी व्यवहारात व्हिसेरा म्हणतात, रासायनिक विश्लेषकाकडे गेले. या कामाची रूढ पद्धत अशी: जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात काचेच्या बरण्यांत ठेवून त्यांना लाखेची मोहोर लावतात आणि त्याच द्रावणाचा वेगळा नमुनाही सोबत पाठवतात, कारण विष परिरक्षकातूनच आले नाही हे आधी दाखवावे लागते. अहवाल आला तो विष आढळले नाही असाच. अशा अहवालाचा अर्थ लावताना तपासी अंमलदाराने हे ध्यानात ठेवले पाहिजे की सोमलासारखे धातुजन्य विष केसांत व हाडांतही टिकते, परंतु अनेक वनस्पतिजन्य अल्कलॉइडे व औषधे शरीरातच विघटन पावतात, कुजण्याने नष्ट होतात किंवा त्या काळच्या कसोट्यांच्या पकडीतच येत नाहीत. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही. तसाच तो ‘असलेच पाहिजे’ असाही होत नाही, आणि घाईने लावलेला दुसरा अर्थ पहिल्याइतकाच घातक असतो.

त्या डॉक्टरवरचा खुनाचा खटला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोपाचे शब्दच विलक्षण होते: पुण्यात किंवा पुणे-मुंबई रेल्वेप्रवासात कोणते तरी अनोळखी विष किंवा विषासारखे काम करणारे औषध दिल्याचा. विष कोणते हे जसे ठरले नाही, तसे ते घाटमाथ्याच्या अलीकडे दिले की पलीकडे हेही ठरले नाही. १४ डिसेंबर १९५९ च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताच्या वतीने म्हटले की विषाचा शोध लागला नाही तरी परिस्थितिजन्य पुराव्याने खून सिद्ध होऊ शकतो. रुग्णालयातले खोटे नाव, नातेवाइकांपासून लपवलेला मृत्यू, ती जिवंत असून दुसरे लग्न करून दूर गेली असे भासवणारी बनावट पत्रे आणि तिच्या मालमत्तेवर मारलेला हात, या सर्वांचा निरपराधपणाशी मेळ बसेना. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मरण मधुमेहाने नव्हे, विषानेच आले हे आधी ठरले पाहिजे, हा विरोधी मताचा आग्रह आजही दुर्लक्षून चालणार नाही, कारण आरोपीची वागणूक कितीही काळी असली तरी ती प्रेताच्या रक्तातले रसायन होत नाही.

पुढच्याच पिढीत पुण्याच्या एका खटल्याने हे माप दुसऱ्या टोकाने लावले. शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात आरोपीच्या पत्नीला पोटॅशियम सायनाइडने मृत्यू आल्याचे स्पष्ट होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी सांगितले की विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणे आणि ते देण्याची संधी या चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. सायनाइड आरोपीच्या ताब्यात होते याचा पुरावा नव्हता, हे तो निर्दोष सुटण्याचे एक कारण ठरले.